गाडीतला ॲम्प्लिफायर सारखा बंद पडत होता : जानेवारी ते जून

गाडीत अभंग चालू आहे, पखवाज घुमला की आवाज एकदम गप्प. सीटखाली वाकून बघावं तर ॲम्प्लिफायरवर लाल दिवा. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की सगळं सुरळीत, आणि थोड्या वेळाने परत तेच. हे ज्यांच्या वाट्याला आलं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझा त्रास जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला आणि एप्रिलमध्ये संपला. मधल्या काळात दुकान, पुण्याचं सर्व्हिस सेंटर, ग्राहक हेल्पलाइन आणि साताऱ्याच्या एमआयडीसीतले एक इलेक्ट्रिशियन अशा सगळ्यांशी संबंध आला. ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड नव्हताच. हे सुरुवातीलाच सांगते, कारण लाल दिवा दिसला की लोक नवा ॲम्प्लिफायर घेतात आणि तोही त्याच जागी, त्याच वायरवर तसाच बंद पडतो.

मी गोडोलीत राहते, नोकरी कराडला. रोजचा जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटरचा महामार्ग. तेवढा वेळ माझा स्वतःचा असतो आणि त्यात मला नीट ऐकायचं असतं, म्हणून २०२४ च्या दिवाळीत मी पैसे साठवून गाडीत सिस्टिम बसवून घेतली. चार चॅनलचा ॲम्प्लिफायर ११,५०० रुपये, डिकीतला दहा इंची सबवूफर (खालचे, घुमणारे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) बॉक्ससकट ७,५००, पुढच्या दारांचे स्पीकर ४,८००, वायरिंग किट १,२०० आणि बसवायचे २,०००. एकूण २७,०००. ॲम्प्लिफायरचे पुढचे दोन चॅनल दारांतल्या स्पीकरना आणि मागचे दोन एकत्र करून, म्हणजे ब्रिज करून, सबवूफरला. साताऱ्यात बहुतेक गाड्यांत हीच मांडणी असते. पहिले दोन महिने आवाज इतका सुंदर होता की मी घरी पोचल्यावरही गाणं संपेपर्यंत गाडीतून उतरत नसे.

जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास पहिल्यांदा आवाज गेला. शेंद्र्याच्या पुढे रुंदीकरणाच्या कामामुळे रस्ता वळवलेला होता, तिथल्या खडबडीत पट्ट्यात. मला वाटलं फोनचं ब्लूटूथ तुटलं. मग ते रोज व्हायला लागलं. कधी खड्ड्यात, कधी सरळ रस्त्यावर ठेका जोरात आला की. कधी अर्ध्या तासाने, कधी निघाल्याबरोबर. या वेळी मी एक गोष्ट केली जिचा पुढे खूप उपयोग झाला. गाडीच्या कप्प्यात छोटी वही ठेवली आणि कुठे, किती वेळाने, काय वाजत असताना आणि कुठला दिवा लागलेला असताना आवाज गेला ते गाडी थांबवून लिहायला लागले. तुम्हीही हे करा. दुकानदाराला ‘मधेमधे बंद पडतो’ एवढंच सांगितलं तर त्याच्या हातात काही लागत नाही.

दिव्याचं तर आवर्जून बघा. ॲम्प्लिफायरवरचा हिरवा दिवाच विझला असेल तर त्याला वीज पोचत नाही किंवा चालू होण्याचा इशारा मिळत नाही. फ्यूज, मुख्य वायर किंवा स्टिरिओकडून येणारी बारीक रिमोट वायर तपासायची. माझ्या एका सहकाऱ्याच्या गाडीत रेडिओ लावला की सगळं चालायचं, ब्लूटूथ लावलं की ॲम्प्लिफायर बंद. त्याची रिमोट वायर स्टिरिओच्या अँटेनाच्या निळ्या वायरला जोडलेली होती, आणि ती वायर बऱ्याच स्टिरिओंमध्ये फक्त रेडिओ चालू असतानाच जिवंत असते. पांढऱ्या पट्ट्याची निळी वायर वेगळी, ॲम्प्लिफायरसाठी ती वापरायची. पण दिवा लाल झाला असेल तर प्रकरण वेगळं. तेव्हा ॲम्प्लिफायरने कशापासून तरी वाचण्यासाठी स्वतःहून काम थांबवलेलं असतं. व्होल्टेज फार खाली गेलं, आतली उष्णता वाढली, स्पीकरची वायर कुठे गाडीच्या पत्र्याला टेकली किंवा त्याच्यावरचा स्पीकरचा भार झेपेनासा झाला, यांपैकी काहीतरी. कशापासून, ते शोधायचं.

वही घेऊन मी दुकानात गेले. त्यांनी ऐकून घेतलं, दोन वायरी हलवून बघितल्या आणि सांगितलं, “मॅडम, एक कपॅसिटर टाकू, अडीच हजारात होईल.” मी विचारलं, कपॅसिटरने काय होईल? “करंट स्टेबल होतो.” मला पटलं नाही. वॉरंटी एक वर्षाची होती आणि तीन महिनेही झाले नव्हते, म्हणून ॲम्प्लिफायर तपासणीला पाठवा असं मी म्हटलं. तर ते सर्व्हिस सेंटर पुण्याला, पाठवायचं काम ग्राहकाचं.

इथून कागदांचा भाग. सर्व्हिस सेंटरला फोन केला तेव्हा त्यांनी जीएसटीचं पक्कं बिल, दुकानाचा शिक्का आणि खरेदीची तारीख असलेलं वॉरंटी कार्ड, आणि बिलावर सिरीयल नंबर मागितला. बिल पक्कं होतं. वॉरंटी कार्डावर शिक्का नव्हता, बिलावर सिरीयल नंबर नव्हता. मालक लग्नाला गावी गेलेले आणि शिक्का त्यांच्या टेबलाच्या खणात, कुलपात. ते परत येईपर्यंत आठवडा गेला. आल्यावर त्यांनी लेटरहेडवर ‘या बिलावर विकलेल्या ॲम्प्लिफायरचा सिरीयल नंबर अमुक’ असं लिहून, सही-शिक्का करून दिलं. तेवढं चाललं. तुम्ही काही नवीन बसवून घेत असाल तर खोका उघडल्या उघडल्या तळाशी असलेल्या सिरीयल नंबरचा फोटो काढा, आणि तो बिलावर लिहिला गेल्याशिवाय पैसे देऊ नका. एकदा सीटखाली स्क्रू मारले की तो नंबर दिसत नाही.

१० फेब्रुवारीला, सोमवारी, पार्सल कुरिअरने गेलं. २८० रुपये. सोबत वहीतल्या नोंदींची एक पानी नक्कल जोडली. मग शांतता. फोन लागायचा, ‘टेक्निशियन बघतायत’ एवढंच उत्तर यायचं. दोन आठवडे झाल्यावर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. फोनवर मराठीत बोलता आलं. बिलाचा क्रमांक, पाठवल्याची तारीख, कुरिअरची पावती आणि मला काय हवं आहे, इतकं विचारलं. लगेच तक्रार क्रमांकाचा मेसेज आला. ही हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नाही, ती कंपनीपर्यंत तक्रार पोचवते आणि उत्तर मागते. माझ्या बाबतीत तेवढ्याने काम हललं आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात ईमेल आला.

ईमेलला जॉबशीट जोडलेली होती. ‘४ ओम लोडवर २ तास चालवून पाहिले, दोष आढळला नाही.’ दोष न आढळल्यामुळे तपासणी शुल्क ३५० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४१३ रुपये. तेव्हा मला वाईट वाटलं. महिनाभर गाडी मुकी, हातात काही नाही आणि वर शुल्क. पण ती जॉबशीट मी जपून ठेवली आणि तुम्हालाही सांगते, असा कागद लेखी मागून घ्या. त्यातला ‘४ ओम’ हा शब्द पुढे फार कामी आला. ओम म्हणजे स्पीकर विजेला किती विरोध करतो त्याचं माप, आकडा जितका कमी तितका ॲम्प्लिफायरवर भार जास्त.

होळीच्या आदल्या दिवशी ॲम्प्लिफायर परत आला. दुकानाने आहे तसा जोडून दिला आणि तो वाढे फाट्यापर्यंतही टिकला नाही.

आमच्या कॉलनीत एक काका आहेत, एसटीच्या कार्यशाळेतून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले. त्यांना मी सगळं सांगितलं, वही दाखवली. त्यांनी वही दोनदा वाचली. म्हणाले, “ताई, सर्व्हिसवाल्यांनी डबा चांगला हाय म्हणून लिहून दिलंय ना? मग डबा सोडा. डब्यापर्यंत काय पोचतंय ते बघू.” पोवई नाक्यावरून मी ४५० रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर आणला. या सगळ्या प्रवासात सर्वांत सत्कारणी लागलेले पैसे हेच.

रविवारी सकाळी गाडी मोकळ्या पटांगणात लावली. इंजिन चालू ठेवून मोजायचं असतं, त्यामुळे बंद शटरच्या आत हे कधीही करू नका, धुराने जीव जातो. काकांनी आधी ॲम्प्लिफायरच्या सगळ्या स्पीकर वायरी आणि स्टिरिओकडून येणाऱ्या आरसीए वायरी काढल्या आणि फक्त वीज जोडून ठेवली. दिवा हिरवा राहिला. या स्थितीतही लाल लागला असता तर डब्याच्या आतच बिघाड आहे असं समजायचं. मग प्रत्येक स्पीकरची सुटी वायर आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये मीटर लावून कुठे टेकते का ते पाहिलं, दारं उघडबंद करत, कारण दाराच्या बिजागरीपाशी वायर चेपली जाते. तिथे काही निघालं नाही. सगळं परत जोडलं.

पुढची युक्ती मला फार आवडली. गाण्यात आवाज क्षणात वर, क्षणात खाली, त्यामुळे साध्या मीटरवर आकडा धरता येत नाही. म्हणून फोनवर ५० हर्ट्झचा एकसुरी टोन लावला, सलग घुमणारा. मीटर डीसी २० व्होल्टवर. इंजिन चालू, टोन बंद असताना बॅटरीवर १४.१. टोन लावून आवाज वाढवला तेव्हा बॅटरीवर १३.२, म्हणजे ठीक. मग ॲम्प्लिफायरच्या बी प्लस (बॅटरीकडून येणारी वायर) आणि जीएनडी (अर्थिंगची वायर) या दोन स्क्रूंवर मीटर लावला. १०.१! आणि माझ्या डोळ्यांसमोर लाल दिवा. बहुतेक ॲम्प्लिफायर १० व्होल्टच्या आसपास आले की स्वतःला बंद करून घेतात. गावाकडे विहिरीवरची मोटर सुरू झाली की घरातले दिवे मंदावतात, तसंच हे : जोराचा ठेका आला, करंट ओढला गेला, आणि वाटेतच व्होल्ट सांडले.

पण कुठे सांडले? बॅटरीपासून डब्यापर्यंत जाणारी वायर एक आणि डब्यापासून पत्र्याला जाणारी अर्थिंगची वायर दुसरी. काकांनी मीटरच्या एका टोकाला चार मीटर साधी बारीक वायर जोडून ती बॅटरीपर्यंत नेली. मीटरमधून जवळजवळ काहीच करंट वाहत नाही, म्हणून त्या लांबणीला कुठलीही वायर चालते. बॅटरीचा प्लस आणि डब्याचा बी प्लस यांच्यात टोन चालू असताना ०.८ व्होल्ट. बॅटरीचा मायनस आणि डब्याचा जीएनडी यांच्यात २.३ व्होल्ट. १३.२ मधून ०.८ आणि २.३ वजा करा, १०.१ येतात. बेरीज-वजाबाकी इतकी चोख जुळलेली बघून मला खरंच आनंद झाला. दोन महिने जे नुसतं ‘काहीतरी’ होतं ते आता आकड्यात दिसत होतं. अर्थिंगच्या बाजूला एकदशांश-दोनदशांश व्होल्टच्या वर तूट असू नये, आमची तर दोनच्या वर.

अर्थिंगची वायर सीटबेल्टच्या बोल्टखाली दाबलेली होती. बोल्ट सोडवला. खालचा पत्रा गाडीच्या रंगाने चकाकत होता. लगच्या, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीच्या, कडेने केसाएवढी एक रेघ तेवढी खरवडली गेली होती, सगळा करंट त्या रेघेतून जात होता. लगवरची लाल प्लॅस्टिकची टोपी तपकिरी होऊन कडक झालेली. लग हाताने ओढली तर वायर सहज बाहेर आली, तारा करड्या पडलेल्या, बोटाला पांढरट भुकटी लागली. काकांनी एक तार ब्लेडने खरवडली आणि आतून ती चांदीसारखी पांढरी निघाली. तांब्याचा नुसता मुलामा, आत ॲल्युमिनियम. किटवर ‘८ गेज’ लिहिलेलं असतं, पण अशी वायर त्याच जाडीच्या शुद्ध तांब्यापेक्षा बरीच कमी करंट नेते. शिवाय ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सैल पडतं आणि त्यावर गंजाचा थर धरतो. दोन महिने चांगलं चालून मग बिघडायला लागलं, त्याचं कारण हेच असावं. खड्ड्यात आवाज का जायचा तेही कळलं.

सीटबेल्टच्या बोल्टला अर्थिंग कधीच घेऊ देऊ नका. अपघातात तुम्हाला धरून ठेवणारा बोल्ट आहे तो, त्याच्याखाली काहीही घुसवायचं नसतं. मी तो नंतर गाडीच्या वर्कशॉपमध्ये टॉर्क पान्याने घट्ट करून घेतला, त्याचे त्यांनी काही घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी एमआयडीसीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. ते ट्रकची कामं करतात, गाणीबिणी त्यांचा विषय नाही, पण वायर आणि लग यांच्याबद्दल ते अतिशय काटेकोर. सीटखालच्या पत्र्याची जागा निवडण्याआधी गाडीखाली झोपून त्यांनी पाहिलं की पलीकडे पेट्रोलची किंवा ब्रेकची नळी तर नाही. मग दोन रुपयांच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने घासून लखलखीत केली, तांब्याची लग प्रेसने दाबली, दातेरी वॉशर घालून नटबोल्ट आवळला आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवला, गंज धरू नये म्हणून. अर्थिंगची वायर हातभरही नाही. जितकी आखूड तितकी बरी, दीड फुटाच्या आत ठेवावी. मजुरी आणि सामान मिळून ३५०. तिथेच मीटर लावून बघितलं : २.३ च्या जागी ०.०५.

त्या आठवड्यात कराडला येता-जाता एकदाही आवाज गेला नाही. मी सगळ्यांना सांगूनही टाकलं की झालं. पण पाडव्याला, ३० मार्चला, दुपारी आम्ही यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला गेलो. गाडी उन्हात तापलेली, चौघं जण, गाणी जोरात. वर पोचल्यावर पुन्हा लाल दिवा. गाडी बंद-चालू केली तरी येईना. पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप आला. सीटखाली हात घातला तर डब्याला हात लावून ठेवता येईना इतका तापलेला.

वही उघडल्यावर लक्षात आलं की जुन्या नोंदींतही दोन जाती होत्या. निघाल्याबरोबर किंवा खड्ड्यात जाणारा आवाज, आणि अर्ध्या-पाऊण तासाने, दुपारी, जाणारा आवाज. पहिल्या जातीचं मूळ सापडलं होतं. दुसरी उष्णतेची. एकाच गाडीत दोन दुखणी असू शकतात, आणि एक बरं झालं की दुसरं स्वच्छ दिसायला लागतं. इथे धीर सोडू नका.

रात्री जॉबशीट पुन्हा वाचली. ‘४ ओम लोडवर २ तास.’ पुण्यात दोन तास न तापता चालला, माझ्याकडे अर्ध्या तासात भाजतो. मग माझ्या गाडीत लोड किती आहे? ॲम्प्लिफायरच्या पुस्तिकेत ब्रिजसाठी किमान ४ ओम असं छापलेलं आहे. सबवूफरच्या वायरी डब्यापासून सोडवल्या आणि मीटर ओमवर लावला. आकडा २.१. मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी ०.३ दाखवतो, ते वजा केले की १.८. स्पीकरचा ओम मीटरवर छापील आकड्यापेक्षा थोडा कमीच दिसतो, म्हणजे हा २ ओमचा भार.

सबवूफर ‘ड्युअल व्हॉइस कॉइल’चा आहे, म्हणजे त्याच्या आत दोन वेगळ्या कॉइल, प्रत्येकी ४ ओम, आणि बाहेर चार टर्मिनल. बसवणाऱ्याने दोन्ही प्लस एकत्र आणि दोन्ही मायनस एकत्र जोडले होते. असं समांतर जोडलं की ४ आणि ४ मिळून २ ओम होतात. मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनलच्या, ॲम्प्लिफायरला असा २ ओमचा भार बहुधा चालतो. पण ब्रिज केलेल्या दोन चॅनलमध्ये तो अर्धा-अर्धा वाटला जातो, म्हणजे प्रत्येक चॅनलला फक्त १ ओम दिसतो. करंट बेसुमार वाढतो, डबा तापतो, आणि थोड्या वेळाने स्वतःला वाचवायला थांबतो. त्यात वरून कंपनीचं मॅट अंथरलेलं, वाऱ्याला वाव नाही.

उपाय बोटभर वायरचा होता. दोन्ही कॉइल एकामागे एक, सिरीजमध्ये जोडायच्या : ॲम्प्लिफायरचा प्लस पहिल्या कॉइलच्या प्लसला, पहिल्या कॉइलचा मायनस दुसऱ्या कॉइलच्या प्लसला, आणि दुसऱ्याचा मायनस ॲम्प्लिफायरच्या मायनसला. आता ८ ओम. मीटरने जोडणीनंतर ७.२ दाखवले. दुकानदाराला फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, आवाज पडेल. कागदावर ते खरं आहे. माझा डबा ४ ओमवर प्रत्येक चॅनलला ७५ वॅटचा, ८ ओमवर ब्रिज केला की सबवूफरला साधारण १५० वॅट मिळतात. ४ ओमवर ब्रिज केला असता तर त्याहून जास्त मिळाले असते. पण हॅचबॅकच्या बंद जागेत १५० वॅट पुष्कळ होतात, आणि पखवाजाची थाप आता अधिक स्वच्छ ऐकू येते, कारण ती मधेच गुदमरत नाही. तुमच्या सबवूफरच्या कॉइल २ ओमच्या दोन असतील तर सिरीजमध्ये बरोबर ४ ओम होतात, ब्रिजसाठी ते सर्वांत उत्तम. खरेदी करतानाच हे विचारा. खोक्यावर आणि चुंबकाच्या मागे लिहिलेलं असतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात राहिलेलं काम उरकून घेतलं, ते म्हणजे बॅटरीपासूनची मुख्य वायर. ०.८ ची तूट चालण्यासारखी होती, पण आत ॲल्युमिनियम आहे हे कळल्यावर मला ती गाडीत नको होती. त्याच इलेक्ट्रिशियनकडे २५ स्क्वेअर एमएमची, शुद्ध तांब्याची लवचीक वायर टाकली. ही जाडी ४ गेजच्या थोडी वरची. पाच मीटर वायर १,५००, लग आणि जाळी १५०, ६० अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट ३५०, मजुरी ६००. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच पाहिजे यावर ते ठाम होते. आधीचा फ्यूज डब्याजवळ होता, म्हणजे मधे कुठे वायर पत्र्याला घासून टेकली असती तर ती जळेपर्यंत थांबवणारं कुणी नव्हतं. बोनेटखालच्या पत्र्यातून वायर आत जाते तिथे रबराचं ग्रॉमेट, म्हणजे भोकाच्या कडेला वायर घासू नये म्हणून बसवतात ते कडं, आहे का हे तुमच्या गाडीत आजच बघा. आमच्याकडे नव्हतं.

शेवटी गेन. ॲम्प्लिफायरवरच्या त्या छोट्या खाचेच्या स्क्रूने आवाज वाढवायचा नसतो, स्टिरिओ आणि डबा यांचं माप एकमेकांशी जुळवायचं असतं. दुकानाने तो पार टोकाला नेऊन ठेवला होता. काकांनी आणि मी तो असा लावला : स्पीकर सोडवले, गेन शून्यावर, स्टिरिओचे बास-ट्रेबल सगळे मध्यावर, आवाज तीन चतुर्थांश. ५० हर्ट्झचा टोन. मीटर एसी व्होल्टवर, ॲम्प्लिफायरच्या सबवूफरसाठीच्या दोन टर्मिनलवर. १५० वॅट गुणिले ८ ओम म्हणजे १,२००, त्याचं वर्गमूळ साधारण ३४.६. गेन हळूहळू फिरवत ३४ ला थांबलो. पुढच्या चॅनलना ७५ गुणिले ४, म्हणजे ३००, वर्गमूळ १७.३, तिथे १७ ला. पुढच्या चॅनलचा हाय पास फिल्टर (खालचे सूर अडवणारा) तेवढ्यापुरता बंद करून टोन ५० हर्ट्झचाच ठेवला, कारण स्वस्त मीटर घरगुती विजेच्या वारंवारतेवरच विश्वासाने एसी मोजतात. काम झाल्यावर फिल्टर पुन्हा चालू करायचा, नाहीतर दारातले छोटे स्पीकर फाटतील. मॅट कापून डब्याभोवती चार बोटं जागाही मोकळी केली.

मे महिन्यात, कराडच्या दुपारी, तासभर वाजवून डब्याला हात लावला तर कोमट. लाल दिवा तेव्हापासून पाहिलेला नाही. दर दोन-तीन महिन्यांनी अर्थिंगचा नट आणि बी प्लसचा स्क्रू एकदा आवळून बघते, बस.

खर्च मांडायचा तर कुरिअर २८०, तपासणी ४१३, मीटर ४५०, अर्थिंग ३५०, मुख्य वायर आणि फ्यूज २,६००. सगळे मिळून ४,०९३. यातला दोष खरोखर घालवणारा भाग म्हणजे ३५० रुपयांची अर्थिंग आणि फुकटचा वायरचा तुकडा.

जूनमध्ये गाडीचा विमा नूतनीकरणाला आला तेव्हा एजंटला विचारलं की या सिस्टिमचं काय. कंपनीने बसवून न दिलेली विद्युत उपकरणं पॉलिसीत वेगळी दाखवावी लागतात, नाहीतर चोरी किंवा अपघातात त्यांची भरपाई मिळत नाही. बिलाची प्रत आणि बसवलेल्या सामानाचे फोटो दिले, घसारा धरून किंमत २४,००० लावली, तिच्या ४ टक्के म्हणजे ९६० रुपये अधिक जीएसटी असा जादा हप्ता पडला. पॉलिसी हातात आली की पहिल्या पानावर ‘इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज’च्या रकान्यात आकडा आहे का ते तपासा. माझ्या पहिल्या प्रतीत तिथे शून्य होतं. एजंटला फोन करून दुरुस्त प्रत मागवली, ती चार दिवसांनी ईमेलवर आली.